जस्ती टबातलं आंबोण

साळूबाई धोत्रे वाटूरला आली ती पोलिस ॲक्शननंतरच्या साली, रस्त्याच्या कामावर. निजामाचं राज्य गेलं होतं, नवं सरकार रस्ते करायला निघालं होतं. रस्ता म्हटलं की खडी आली आणि खडी म्हटलं की वडार आले. फाट्याजवळच्या माळावर पालं पडली. साळूबाईचा नवरा मच्छिंद्र घणानं दगड फोडायचा, ती हातोडीनं त्याची खडी करायची. काम सरलं तशी बाकीची पालं उठून परभणीच्या अंगाला गेली. ही दोघं मात्र मागं राहिली, कारण निघायच्या वेळेला साळूबाईची डुकरीण गाभण होती.

"गाभण जनावर उन्हातान्हात चालवत न्यू का?" ती म्हणाली. "व्याली की निघू."

डुकरीण व्याली, पिलं मोठी झाली, पावसाळा आला, पुढचा उन्हाळा आला आणि निघायचं राहून गेलं. मच्छिंद्रला गावात पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचं, विहिरी बांधायचं काम मिळू लागलं. पालाच्या जागी दगडमातीचं घर उभं राहिलं. घरात दोघं आपल्या वडारी बोलीत बोलायची, गावात वाटूरच्या बोलीत.

साळूबाईला एक खोड होती. कुठलीही गोष्ट दिसली की "कामून?" विचारायचं. एका घावात फुटणारा दगड आणि दहा घाव पचवणारा दगड दिसायला सारखेच, मग असं कामून? रामराव पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी खारट आणि बांधापलीकडचं गोड, ते कामून? मच्छिंद्र वैतागायचा. "हिला भाकर न्हाई मिळाली तरी चालंल," तो लोकांना सांगायचा, "पर कामून मिळालं पाहिजे." तरी विहीर खोदताना मातीचा रंग बदलला की तो स्वतःच मूठभर माती धोतरात बांधून तिला दाखवायला घरी आणायचा.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. साळूबाईच्या दोन डुकरिणी मागंपुढं व्याल्या होत्या आणि पिलं चांगली हुंदडायला लागली होती. डुकरं मोकळीच असायची. सकाळी सुटायची, ओढ्याकाठी, उकिरड्यावर, माळावर नाकानं उकरत फिरायची, संध्याकाळी आपली आपण परत यायची. त्या साली ती रामरावांच्या भुईमुगात शिरली. एका सकाळीत त्यांनी शेंगांच्या ओळीच्या ओळी अशा उपसल्या की नांगर फिरल्यासारखं रान दिसायला लागलं.

रामराव स्वतः माळावर आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण बोलले ते सरळ.

"मच्छिंद्र, तुझी डुकरं बांधून घाल न्हाईतर इथून हलव. माझं एकट्याचं न्हाई, साऱ्या गावाचं म्हणणं हाय हे."

"बांधतो मालक," मच्छिंद्र म्हणाला. त्याला दुसरं म्हणता येण्यासारखं नव्हतंच.

वडारानं वाडगं बांधायचं म्हणजे ते कसं बांधणार! मच्छिंद्रनं काळ्या दगडाची भिंत उचलली, खाली फरशा बसवल्या, फटी चुन्यानं भरल्या. मध्ये आडवी भिंत घालून दोन खण केले, एकेका डुकरिणीच्या पिलांना एकेक. एका खणात खाणं घालायला त्यानं स्वतः कोरलेली दगडी डोण ठेवली. दुसरी डोण कोरायला त्याला सवड झाली नाही, म्हणून रस्त्याच्या कामावरचा एक टाकून दिलेला जस्ती टब दुसऱ्या खणात ठेवला. टबाचा काठ एका बाजूला फाटलेला होता, पण तळ शाबूत होता. गावातली माणसं ते वाडगं बघायला आली. रामरावसुद्धा म्हणाले, "माझ्या बैलांना असा गोठा न्हाई."

आता डुकरांना बाहेरचं काही मिळायचं बंद झालं. मग साळूबाई ज्वारीचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड ताकाच्या निवळीत भिजवून आंबोण करायची, ते आंबट व्हायला लागलं की दोन्ही खणांत ओतायची. पिलं बुडबुड आवाज करत ते खायची. तिला वाटलं, बरं झालं, फिरण्यात जाणारी ताकद आता अंगाला लागेल.

पण पिलांचे पाय वाकायला लागले. उठताना ती पुढच्या गुडघ्यांवर टेकायची, चालताना लंगडायची. तेव्हा वाटूरच्या बाजाराच्या दिवशी जनावरांचे एक डॉक्टर यायचे, धर्मराज नावाचे. तरुण माणूस, सायकलवरून यायचा. बैलाला टोचून घ्यायला आलेल्या शेतकऱ्यांच्या मागं साळूबाई उभी राहिली. डुकरासाठी आलेय म्हटल्यावर दोघंतिघं हसले. धर्मराज हसले नाहीत. सायकल हातात धरून तिच्याबरोबर माळावर आले, पिलांचे पाय चाचपून पाहिले.

"हाडं कच्ची हायेत," ते म्हणाले. "कोंड्यात हाडाला लागणारं कमी असतं. आंबोणात थोडा चुना टाकत जा, विरलेला. थोडाच बरं का."

चुना काय, वडाराच्या घरी मागायला जावा लागत नाही. भिंतीमागं ढीग पडलेला. साळूबाईनं पहिल्यांदा थोडाच टाकला. पिलं उठून चालायला लागली तेव्हा तिला हुरूप आला. थोड्यानं एवढा गुण, मग जास्तीनं किती येईल? ती मुठीनं टाकायला लागली.

पाय सुधारले. आणि दिवाळीच्या सुमाराला दगडी डोणीच्या खणातल्या पिलांच्या पोटावर लालसर ठिपके उठले.

ठिपक्यांचे फोड झाले, फोडांच्या खपल्या झाल्या. मागच्या पायांवर, शेपटीच्या मुळाशी, कानांमागं कातडं असं जाड झालं की वाळलेल्या चिखलाचा थर बसलाय आणि त्याला भेगा पडल्यात असं वाटावं. पिलं खाईनात. वाढ खुंटली. शेजारच्या खणातली त्यांच्याच वयाची पिलं त्यांच्या दीडपट दिसायला लागली.

"खरूज," मच्छिंद्र म्हणाला.

साळूबाईनं करंजीचं तेल कोमट करून चोळलं. फरक नाही. धर्मराज पुन्हा आले, त्यांनीही खरूजच म्हटलं आणि गंधकाचा मलम दिला. तिनं तो सांगितल्याप्रमाणे नेमानं लावला. फरक नाही. मच्छिंद्र म्हणाला, कुणाची तरी नजर लागली. तिनं मीठ-मिरच्याही ओवाळल्या. त्यानंही काही झालं नाही.

एका दुपारी ती भिंतीवर बसून नुसती बघत राहिली. आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं की एकही पिलू अंग घासत नव्हतं. खरूज झालेलं डुक्कर भिंतीला, दगडाला, शेजारच्याच्या पाठीला अंग घासून घासून रक्त काढतं. तिनं लहानपणापासून पाहिलेलं होतं ते. ही पिलं एवढ्या खपल्या घेऊन गप पडून होती.

बाजाराच्या दिवशी तिनं धर्मराजांना गाठलं. "डॉक्टरसाहेब, ते खाजवत न्हाईत."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई. मंग ही खरूज कशी?"

धर्मराजांनी सायकल स्टँडवर लावली. मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं. खरूज न्हाई ही. पर मंग काय हाय, ते मला ठाऊक न्हाई, साळूबाई. डुकराचं आम्हाला फार शिकवलंच न्हाई. परभणीला आमचे एक जुने गुरुजी आलेत, त्यान्ला विचारून बघतो."

डॉक्टरला ठाऊक नसतं, हे तिला नवं होतं. त्या माणसानं ते तोंडानं सांगितलं, हे त्याहून नवं. पण रागावण्याऐवजी तिला उलट उत्साह आला. कुणालाच ठाऊक नसलेली गोष्ट आपल्या वाडग्यात पडलीय, असं काहीतरी तिला वाटलं.

मग तिनं रोज उठून एकच उद्योग मांडला. दोन खणांत फरक काय? कोंडा तोच, पेंड तीच, चुना तोच, ओतणारे हात तेच. ऊन दोन्हीकडं सारखं. पाणी एकाच विहिरीचं. फरक एवढाच की आया वेगळ्या, एकीकडं पांढऱ्या पट्ट्यांची बांडी, दुसरीकडं काळी. धडधाकट पिलं बांडीची आणि आजारी पिलं काळीची. म्हणजे रक्तात खोट असणार. काळीचं रक्तच वाईट.

हे मच्छिंद्रला पटलं. "काळीला विकून टाकू," तो म्हणाला.

"आधी बघू तर द्या."

तिनं काळीच्या पिलांतली दोन सगळ्यात वाईट पिलं उचलून बांडीच्या पिलांत सोडली आणि बांडीची दोन गुटगुटीत पिलं काळीच्या खणात टाकली. मच्छिंद्र ओरडला. चांगली होती तीही घालवतेस का? तिनं ऐकलं नाही. रक्तात खोट असेल, तर जागा बदलून काही व्हायला नको. आणि खोट जागेत असेल, तर कळेल.

दिवस थंडीचे होते. साळूबाई दगड फोडून आली की आधी वाडग्यावर जायची, मग चुलीकडं. संक्रांत जवळ आली तेव्हा बदललेल्या दोन आजारी पिलांच्या पोटावरची खपली कडेनं सुटायला लागली. खाली गुलाबी कातडं दिसत होतं. आणि काळीच्या खणात गेलेल्या गुटगुटीत पिलांच्या पोटावर लाल ठिपके उठले होते.

म्हणजे रक्त नव्हे. जागा. आणि जागेत काय वेगळं होतं? फरशी तीच, भिंत तीच. तिची नजर फिरत फिरत त्या फाटक्या टबावर येऊन थांबली.

तिनं टब रिकामा केला, धुतला, उन्हात उलटा-सुलटा करून पाहिला. बाहेरून टब चमकत होता, पाण्यावर कोवळं ऊन पडावं तसे पांढरे-करडे पट्टे होते त्यावर. आतून मात्र जिथवर आंबोण चढायचं तिथवर ती चमक गेली होती. कातडं सोलल्यासारखं काळपट लोखंड दिसत होतं.

"चमक कुठं गेली?" तिनं मच्छिंद्रला विचारलं.

"घासून गेली असंल. डुकरं चाटतात."

"मंग ती गेली कुणाच्या पोटात?"



टब डोक्यावर घेऊन ती कचरूलाल शेठजींच्या दुकानी गेली. कचरूलाल जैन मारवाडी, त्यांच्या आज्यापासून घराणं वाटूरला होतं. दुकानात किराणा, रंग, खिळे, दोरखंड, बादल्या, गावाला लागेल ते सगळं मिळायचं. साळूबाई पायरीखालीच उभी राहिली.

"शेठजी, ह्याच्यावर जी चमक असती ती कशाची?"

कचरूलालांनी गिऱ्हाईक सोडून टबाकडं पाहिलं. "जस्ताची. लोखंड गंजू नये म्हणून वरून जस्त चढवतात. पर तू ह्यात काय ठेवून राह्यलीस? आतलं पार गेलंय."

"ताकात भिजवलेलं आंबोण."

"अगं बाई, आंबट कधी जस्ताच्या भांड्यात ठेवत असतेत का? जस्त आंबटात उतरतं. आमच्या घरी जस्ती बादलीत ताक ठेवलं तर बायको घर डोक्यावर घेईल."

"उतरतं म्हंजे? आंबोणात जातं?"

"जातं ना. मंग चव बिघडते."

साळूबाई पायरीखालीच टबाशेजारी बसली. मग तिनं सगळं सांगितलं. दोन खण, खपल्या, बदललेली पिलं. कचरूलाल डुकराचं नाव निघालं तसे थोडे मागं सरकले होते, पण गोष्ट पुढं जाईल तसे पुढं झुकत गेले. शेवटी तर त्यांनी एका गिऱ्हाइकाला हातानंच थांबायची खूण केली.

"म्हणजे तुझं म्हणणं असं, की त्या पिलांना जस्त पाहिजे?"

"मला काय ठाऊक! पर दिसतंय तर तसंच. तुमच्याकडं नुसतं जस्त मिळतं का, पोटात जाण्यासारखं?"

कचरूलालांकडं ते होतं. सफेद तुतिया म्हणायचे ते त्याला, मिठासारखे पांढरे खडे. जस्तापासूनच होतं, डोळ्यांच्या औषधाला कुणी कुणी न्यायचं. त्यांनी बरणीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

"साळूबाई, हे जनावर शेवटी कापलंच जाणार ना?"

"जातंय."

"मंग मी त्याला धष्टपुष्ट करायला औषध देऊ? आमच्या धर्मात बसत न्हाई ते."

साळूबाईला राग आला नाही. माणूस विचारतो ते बरोबरच होतं, त्याच्या बाजूनं. ती म्हणाली, "मरायचं ते मरंलच, शेठजी. तुम्ही-मी पण मरू. पर तवर खपल्या घेऊन कामून पडावं त्यानं?"

कचरूलालांनी बरणीचं झाकण उघडलं.  मग कागदाच्या पुडीत थोडे खडे बांधून त्यांनी पुडी पायरीवर ठेवली.

"डॉक्टरला विचारल्याशिवाय घालू नको," ते म्हणाले. "जास्ती झालं तर हेच जहर हाय."

चुन्याच्या मुठी आठवून साळूबाईनं मान डोलावली. पुडी तिनं घराच्या आढ्याला खोचून ठेवली आणि बाजाराच्या दिवसाची वाट पाहिली. थांबणं तिला जड गेलं. रोज ती पुडी काढायची, खडे बघायची, परत ठेवायची.

धर्मराज बाजाराच्या दिवसाची वाट न बघताच आले. सायकल माळावर आडवी टाकून लांबूनच ओरडले, "साळूबाई, चुना किती टाकून राह्यल्या तुम्ही?"

"मूठभर."

"मी थोडा म्हणलो होतो!"

परभणीच्या गुरुजींनी त्यांना सांगितलं होतं, की अशाच खपल्या अमेरिकेत वाढत्या डुकरांना झाल्या होत्या. कोंडा-पेंडीसारखं नुसतं दाण्याचं खाणं आणि वर चुना जास्ती, अशी गाठ पडली की अंगाला लागणारं जस्त शरीरात शिरत नाही. चुना त्याची वाट अडवतो. ही गोष्ट तिकडं कळूनही फार वर्षं झाली नव्हती.

"जस्त किती कमी लागतं म्हणता!" धर्मराज सांगत होते. "मिठाइतकंही न्हाई. चिमटीत धरलं तर दिसणार न्हाई, एवढं. पर तेवढं न्हाई मिळालं तर जनावर वाढत न्हाई."

साळूबाईनं त्यांना हात धरूनच वाडग्याकडं नेलं म्हणा ना, एवढी तिची घाई. टब दाखवला, आतली उडालेली चमक दाखवली, बदललेली पिलं दाखवली. धर्मराज टबाजवळ उकिडवे बसले, बोटानं त्या काळपट लोखंडावर रेघ ओढली आणि मोठ्यानं हसले. ते हसू आनंदाचं होतं. "गुरुजींनी चुन्याचं सांगितलं," ते म्हणाले, "आणि जस्ताचं तुमच्या टबानं. आता मला ही चार पिलं गुरुजींना दाखवावीच लागतील."

"पर एक सांगा. मोकळी फिरायची तवा त्यान्ला कोण जस्त घालत होतं?"

"माती. नाकानं उकरून खात होती ना. मातीत सगळं थोडं थोडं असतं. तुम्ही फरशी घातली."

साळूबाईनं त्या सुबक फरशीकडं पाहिलं. मच्छिंद्रनं इतक्या मायेनं बसवलेली. तिला वाईटही वाटलं आणि गंमतही. इतकी वर्षं आपण ज्याला डुकराची घाणेरडी सवय म्हणत आलो, ते उकरणं म्हणजे त्यांचं जेवणच होतं.

चुना कमी केला. धर्मराजांनी सफेद तुतियाचं पाणी किती करायचं ते स्वतः करून दाखवलं, सगळ्या खणाला मिळून चिमूटभर. शिवाय साळूबाई ओढ्याकाठची ताजी माती पाटीभर आणून कोपऱ्यात टाकायची. पिलं त्यावर तुटून पडायची.

होळीच्या आधी एका सकाळी कचरूलाल माळावर आले. उपरणं नाकाला लावलेलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला एका धोंड्यावर उभे. वाडग्याजवळ काही आले नाहीत. "गेलं का गं ते?" त्यांनी लांबूनच विचारलं.

साळूबाईनं काळीचं एक पिलू उचलून वर धरलं. ते असं किंचाळलं की शेठजी धोंड्यावरून पडता पडता राहिले. पण पोट त्यांना दिसलं. स्वच्छ, गुलाबी, त्यावर नव्या केसांची लव.

"अरे वा," ते म्हणाले. आणि मग थोड्या वेळानं, "कानामागचं दाखव बरं."

तिनं कानामागचंही दाखवलं. कचरूलाल बराच वेळ थांबले, नाना प्रश्न विचारत. बैलाला पण लागतं का? कोंबडीला? जास्ती झालं तर काय होतं? जाताना म्हणाले, "मी आल्तो म्हणून घरी सांगू नको."

काळीची पिलं बांडीच्या पिलांएवढी कधीच झाली नाहीत. मागं पडलेली वाढ पूर्ण भरून आली नाही, एक तर खुरटंच राहिलं. पण बाकीची चांगली अंगानं भरली आणि बाजारात उभी राहिली तेव्हा जालन्याचे घेणारे थांबून बघू लागले. काळीला विकलं नाही. परतूर, सेलूकडचे वडार-कैकाडी पाहुणे म्हणून आले की साळूबाईला विचारायचे आणि ती सगळ्यांना आधी हेच सांगायची, की चुना मुठीनं घालू नका आणि फरशी घातली तर माती आत न्या. धर्मराजांची पुढं बदली झाली. जायच्या आदल्या बाजाराला ते माळावर चहाला आले.

चहा पिता पिता साळूबाईनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, डुकराला लागतं, कोंबडीला लागतं म्हणता. मंग माणसाला?"

धर्मराजांनी कप खाली ठेवला. "माणसाला जस्त कमी पडलेलं अजून कुणी दाखवलं न्हाई."

"न्हाई पडत म्हणून, का कुणी बघितलं न्हाई म्हणून?"

"ते मला ठाऊक न्हाई."

"पलीकडं नवं पाल पडलंय, त्यातली गंगी," साळूबाई म्हणाली, "नुसत्या भाकरीवर वाढलेली. सोळा वरसाची झाली, दिसती दहाची. कातडंबी तसलंच." तिनं पालाकडं बोट केलं. "कुणीतरी बघाया पाहिजे."

धर्मराजांनी त्या पालाकडं पाहिलं. मग म्हणाले, "चला, मला दाखवा तिला." आणि दोघं चहा तसाच टाकून उठले.